निळा डाग

1970 साली विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले, तेव्हा नाट्यपरिनिरीक्षण मंडळाने ज्या गोष्टींना हरकत घेतली होती त्यांत साडीवरच्या एका डागाचा समावेश होता. वडिलार्जित इस्टेटीच्या हव्यासाने माणुसकीला पारखे झालेले दोन भाऊ आपल्या गर्भवती बहिणीच्या पोटावर लाथा मारतात, तिचा गर्भपात होतो, आणि त्यानंतर ती रंगमंचावर दिसते तेव्हा तिच्या साडीवर रक्ताचा लाल डाग असतो. हा लाल डाग रंगमंचावर दिसता कामा नये, असा मंडळाचा आग्रह होता. नाटकमंडळींनी मग त्या डागाचा रंग बदलून निळा केला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना निवेदन केले की, साडीवर दिसणारा निळा डाग त्यांनी कृपया लाल समजावा.

हा प्रसंग नाट्यवर्तुळात गेली पन्नास वर्षे सांगितला जातो आणि ऐकणारे बहुधा हसतात. मला त्यावर कधीच हसू आले नाही, कारण सभ्यतेच्या नावाखाली आपल्याकडे मनोरंजनावर जी नजर ठेवली गेली तिची सारी कथा त्या बोटभर डागात सामावलेली आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. स्त्रीच्या देहाला झालेल्या जखमेची खूण पाहणे हे समाजाला लज्जास्पद वाटले. ती जखम ज्या क्रौर्यातून झाली त्या क्रौर्याकडे पाहताना, ते तर नाटकाचे मर्मच होते, लज्जेचा प्रश्न उद्भवला नाही. अश्लील कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न येथूनच हाती घ्यावा लागतो.

अश्लील हा शब्द आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. तो साहित्यशास्त्रातला जुना, रुळलेला शब्द आहे. ज्यात श्री नाही, म्हणजे शोभा नाही, ते अश्लील, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त काव्यदोषांची जी मोजदाद केली तीत अश्लीलतेचे तीन प्रकार दिले आहेत: व्रीडा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगलाची सूचना करणारे. म्हणजे लज्जास्पद, किळसवाणे आणि अशुभ या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांच्या लेखी एकाच पंक्तीत बसत होत्या, आणि शृंगाराला मात्र रसांच्या मालिकेत मानाचे स्थान होते. त्याहूनही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा दोष त्यांनी नित्य मानला नाही. प्रसंग, पात्र आणि बोलणाऱ्याचा हेतू यांनुसार जे एके ठिकाणी दोष ठरते तेच दुसरीकडे निर्दोष, क्वचित गुणही ठरू शकते, असे शास्त्रकारांचे म्हणणे होते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ज्या महाराष्ट्री प्राकृतात रचली गेली ती आपल्या मराठीची पूर्वज, आणि त्या गाथांतून खेड्यातल्या स्त्रिया आपल्या प्रियकराविषयी, विरहाविषयी आणि देहाच्या ओढीविषयी ज्या मोकळेपणाने बोलतात तो मोकळेपणा पाहिला म्हणजे, आपली संस्कृती मुळातच या विषयावर मौन पाळणारी होती हा समज टिकत नाही. पुढे पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या लावण्यांनी शृंगाराला फडावर उभे केले, आणि त्याच राम जोशांनी उत्तम अध्यात्मपर रचनाही केल्या. या दोहोंत विसंगती आहे असे त्या काळच्या श्रोत्यांना वाटल्याचे दिसत नाही.

मग हा संकोच आला कोठून? त्याचे एक उत्तर इंग्लंडातल्या 1868 सालच्या एका निवाड्यात सापडते. हिक्लिन खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निवाड्यात अशी कसोटी घालून दिली गेली की, ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडण्याजोगी आहेत, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती ज्या मजकुरात आहे तो मजकूर अश्लील. या कसोटीने दोन गोष्टी केल्या. सुजाण वाचकाला बाजूला सारून सर्वांत दुर्बल मनाच्या वाचकाला तिने सर्वांचे माप ठरवले. आणि संपूर्ण ग्रंथाऐवजी त्यातला एखादा उतारा वेगळा काढून त्यावरून त्या ग्रंथाला गुन्हेगार ठरवण्याची मुभा दिली. आपल्या तेव्हाच्या दंडसंहितेतल्या 292 व्या कलमाचा अर्थ या कसोटीने लावला जाऊ लागला, आणि इंग्रजांचे राज्य गेल्यावरही ती सरकारदरबारी टिकून राहिली. 1964 साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावरील ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचाच आधार घेतला आणि त्या विक्रेत्याची शिक्षा कायम केली. न्यायालयाने हिक्लिनची साथ सोडून समकालीन समाजाचे मान आणि संपूर्ण कृतीचा परिणाम ही कसोटी स्वीकारली ती थेट 2014 साली, अवीक सरकार यांच्या खटल्यात. मधला काळ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि त्या काळात या कसोटीखाली कोण भरडले गेले ते मराठी वाचकाने विसरू नये.

रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांतले पहिले नाव. महर्षी कर्व्यांच्या या ज्येष्ठ पुत्राने 1927 च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि 1953 साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, कामजीवन या विषयांवर शास्त्रीय माहिती द्यावी, वाचकांच्या पत्रांतून आलेल्या शंकांना सरळ उत्तरे द्यावीत, एवढाच त्या मासिकाचा खटाटोप होता. त्या पत्रांतून बोलणारा वाचक डोळ्यांपुढे आणून पाहावा: ज्याला आपल्या देहाबद्दलची शंका बापाला विचारता येत नाही, डॉक्टरला विचारता येत नाही, आणि जो दूरगावाहून एका अनोळखी संपादकाला पत्र लिहितो, असा एकाकी माणूस. कर्व्यांनी त्याला उत्तर दिले, आणि त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेच्या फिर्यादी झाल्या. 1934 सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा बाबासाहेबांचा युक्तिवाद त्या कोर्टाने मानला नाही, आणि कर्व्यांना दंड झाला. आज त्या मासिकातला मजकूर शाळेच्या आरोग्यशिक्षणात शोभेल असा वाटतो, आणि म्हणूनच तो खटला आठवला की मन विषण्ण होते.

चंद्रकांत काकोडकरांची कथा निराळी आहे, कारण तेथे शास्त्राचा आधार नव्हता. तेथे होती निव्वळ करमणूक. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही दीर्घकथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात येऊन गेलेल्या तीन स्त्रिया, असा तिचा विषय. पुण्यात फिर्याद झाली, खालच्या कोर्टाने लेखकाला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि अखेर 1969 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने कथा समग्र वाचून ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. काकोडकर हे प्रतिष्ठित समीक्षेच्या दृष्टीने मोठे लेखक नव्हते. ते रेल्वेच्या डब्यात आणि फिरत्या वाचनालयात वाचले जाणारे लेखक होते. परंतु लोकप्रिय लेखकालाही स्त्रीपुरुषांच्या प्रेमाविषयी लिहिण्याचा तेवढाच हक्क आहे, ही गोष्ट त्या पंचवीस रुपयांच्या दंडाविरुद्ध दिल्लीपर्यंत भांडलेल्या माणसाने सिद्ध केली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

सभ्यतेच्या निकषांत आणखी एक पक्षपात दडलेला असतो, आणि तो तमाशाच्या बाबतीत उघडा पडला. स्वातंत्र्य मिळाल्यावर अल्पावधीतच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग कलावंतांची उपासमार होऊ लागली, अर्जविनंत्या झाल्या, आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. वग लिहून सादर करावेत, ते तपासून घ्यावेत, असा शिरस्ता पडला. ज्या कलेचा प्राण हजरजबाबी संवादात, सोंगाड्याने त्या त्या गावातल्या पाटलावर आणि सावकारावर जागच्या जागी मारलेल्या टोमण्यात होता, त्या कलेला संहितेच्या कागदावर बांधले गेले. तमाशात बीभत्स काहीच नव्हते असा माझा दावा नाही. परंतु ढोलकीवर नाचणाऱ्या कोल्हाटी आणि महार-मांग समाजातल्या स्त्रीचा शृंगार अश्लील ठरावा आणि संगीत नाटकातल्या भरजरी शालूतल्या नायिकेचा तोच शृंगार अभिजात ठरावा, यात कलेच्या मापापेक्षा प्रेक्षकांच्या जातीचे आणि तिकिटाच्या दराचे माप अधिक होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

चित्रपटांची गोष्ट प्रारंभी पुष्कळ मोकळी होती. 1918 साली सिनेमाचा पहिला कायदा झाला आणि 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे तपासणी मंडळे स्थापन झाली. पण परकीय सत्तेची नजर मुख्यतः राजद्रोहावर होती. त्यामुळे 1933 च्या ‘कर्मा’त देविकाराणी आणि हिमांशु राय यांचे चुंबन पडद्यावर येऊ शकले. 1938 साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त, आचार्य अत्र्यांच्या कथेवरच्या त्या खेळकर चित्रपटात, मीनाक्षी शिरोडकर एका गाण्यात पोहण्याच्या पोषाखात जलक्रीडा करताना दिसल्या, तेव्हा समाजात खळबळ उडाली खरी, परंतु त्याच गाण्यासाठी प्रेक्षक पुनःपुन्हा चित्रपटगृहात गेले आणि ब्रह्मचर्याच्या ढोंगावरचे ते औषध मराठी घरांनी पचवले. स्वातंत्र्यानंतर सूत्र उलटे झाले. राज्य आपले झाल्यावर राजद्रोहाची भीती ओसरली, आणि नीतीची काळजी तिच्या जागी बसली. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने मंडळ देशभर एक केले. चुंबन पडद्यावरून नाहीसे झाले. नायकनायिका एकमेकांजवळ आली की कॅमेरा वळून एकमेकांना टेकणाऱ्या दोन फुलांवर जाऊ लागला.

आणि नेमक्या याच काळात, जे फुलांआड दडवावे लागले नाही ते काय होते, याचा विचार मला अस्वस्थ करतो. नायिकेच्या मागे मागे फिरणारा, तिची वाट अडवणारा, तिचा पदर ओढणारा नायक आणि अखेर त्याच्याच प्रेमात पडणारी नायिका हे शेकडो हिंदी चित्रपटांचे ठरलेले कथानक. ते ‘यू’ दाखला घेऊन, म्हणजे सर्व वयांच्या प्रेक्षकांसाठी बिनदिक्कत मंजूर झाले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बलात्काराचे दृश्य हा व्यापारी चित्रपटाचा जवळजवळ नेमाचा भाग झाला, आणि ते अशा रीतीने चित्रित होई की प्रेक्षागृहातून शिट्या वाजत. परस्परांच्या इच्छेने घेतलेले चुंबन निषिद्ध, आणि इच्छेविरुद्ध केलेली बळजबरी कात्रीतून सुटलेली! ज्या मंडळाने वर्षानुवर्षे उघड्या देहाचे इंच मोजले त्याने त्या देहाला माणूस म्हणून वागवले गेले की नाही, ही गोष्ट मोजण्याचे यंत्र स्वतःपाशी ठेवलेच नाही. कमलाकर सारंगांनी 1972 मध्ये तेंडुलकरांचेच ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणले, तेव्हा पुन्हा तेच घडले. टाकून दिलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा सखाराम, आणि आपल्या नवऱ्याच्या अत्याचाराने दगड बनलेली, दारू पिऊन रात्र सोसणारी चंपा. लालन सारंग यांनी ती चंपा ज्या निर्भयतेने उभी केली तिचे तपशील ज्यांनी तो प्रयोग पाहिला ते आजही सांगतात. नाट्यपरिनिरीक्षण मंडळ आडवे आले, निदर्शने झाली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने प्रयोगांची वाट मोकळी केली. त्या नाटकात कामुकतेला चेतवणारे काय आहे, हे मला अनेकदा वाचूनही उमगलेले नाही. त्यात आहे ते विवाहाच्या चौकटीआड चालणाऱ्या छळाचे दर्शन, आणि लाज वाटली ती त्या दर्शनाची.

दादा कोंडके यांच्याविषयी येथे लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. ‘सोंगाड्या’ 1971 साली आला आणि त्यानंतरची कित्येक वर्षे या गिरणगावातल्या माणसाने द्व्यर्थी विनोदावर गर्दी खेचली, तपासणी मंडळाशी शब्दाशब्दाला हुज्जत घातली, आणि आपल्या शब्दाचा सरळ अर्थ दाखवून वाकडा अर्थ तपासनिसाच्या मनातला असल्याचे तो पटवत राहिला. हा विनोद फडावरच्या सोंगाड्याचा वारस होता आणि गावाकडून आलेल्या कष्टकऱ्याला तो आपला वाटला, म्हणून मी त्याला झिडकारू शकत नाही. परंतु त्यांच्या उत्तरकालीन चित्रपटांत शब्दखेळ जसजसा यांत्रिक होत गेला तसतशी नायिका म्हणजे त्या खेळाची केवळ सामग्री उरली, असे माझे मत आहे. ‘पांडू हवालदार’मधला भाबडेपणा नंतर हरवला.

न्यायालयांनी मात्र या प्रवासात अनेकदा समाजापुढे पाऊल टाकले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1968 मध्ये चार शहरांवर एक छोटा अनुबोधपट केला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती, आणि मंडळाने ती कापण्यास सांगितले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. 1970 च्या निवाड्यात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटाची पूर्वतपासणी वैध ठरवली, पण लैंगिकता आणि अश्लीलता हे समानार्थी शब्द नव्हेत, हेही नि:संदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच सुमारास चित्रपट-तपासणीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या खोसला समितीने कथेच्या ओघात आवश्यक असेल तर चुंबन आणि नग्नता यांना मज्जाव असू नये अशी शिफारस केली. मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन त्या जागी ‘प्रमाणन’ आले ते 1983 मध्ये. नाव बदलले, पण कात्री तीच राहिली. 2017 साली रवी जाधव यांचा ‘न्यूड’, कलाशाळेत चित्रकारांपुढे विवस्त्र बसून मुलाला शिकवणाऱ्या एका मराठी आईची कथा, गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातल्या भारतीय विभागासाठी परीक्षकांनी निवडला, आणि मंत्रालयाने तो यादीतून काढून टाकला. पुढच्या एप्रिलमध्ये तोच चित्रपट प्रौढांसाठीचा दाखला घेऊन चित्रपटगृहांत लागला. तो ज्यांनी पाहिला त्यांच्या मनात राहिला असेल तो त्या आईचा चेहरा.

येथवरची सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती: माणसे एकत्र बसून पाहतात. आमच्या घरात दूरदर्शनचा पहिला संच आला तेव्हा बैठकीच्या खोलीत आजोबा आरामखुर्चीवर, आई भाजी निवडत जमिनीवर आणि आम्ही मुले सतरंजीवर, अशी मांडणी असे. ‘छायागीत’ या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात एखादे पावसातले गाणे लागले की आजोबा मुकाट्याने वर्तमानपत्र उलगडत, आई पाणी आणायला उठे, आणि आम्ही छताकडे पाहत असू. त्या वर्तमानपत्राच्या सळसळीत घरातली सारी सेन्सॉरशिप होती, आणि तीत एकमेकांच्या उपस्थितीची मर्यादा होती. त्या मर्यादेत प्रेम होते हे मी मान्य करतो. पण त्या खोलीत त्या विषयावर कोणी आमच्याशी एक वाक्यही बोलले नाही, आणि ते मौन आमच्यापैकी कित्येकांना लग्नानंतरही पुरले, हेही तितकेच खरे आहे.

आता ती खोली रिकामी आहे. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आणि कानात स्वतःचा आवाज. प्रौढांसाठीचे चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवू नयेत असा मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम आहे. 2021 च्या नियमांनी ओटीटीवरच्या मालिकांना 7, 13 व 16 वर्षे आणि प्रौढ अशी वयोगटांची वर्गवारी लावली. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटांनाही तशीच वर्गवारी आली. ही दिशा मला योग्य वाटते, कारण कापण्यापेक्षा सांगणे हा अधिक सभ्य मार्ग आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या फोनवर जे येते त्यापुढे सोळा वर्षांची पाटी कितपत टिकते, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. या काळजीला प्रतिगामी म्हणून उडवून लावणारे मला पटत नाहीत. मुलाला अकाली जे दिसते त्यात स्त्री बहुधा वस्तूच असते, आणि तेच त्याचे पहिले शिक्षण ठरते. कर्व्यांच्या वाचकाला निदान एक उत्तर देणारा संपादक होता.

अलीकडे एक चांगली गोष्ट घडू लागली आहे, आणि तिची दखल प्रेक्षकांनी घ्यावी असे मला मनापासून वाटते. काही चित्रीकरणस्थळी आता इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमले जातात. प्रणयाच्या दृश्यात कोठे स्पर्श होईल, काय दिसेल, कॅमेऱ्यामागे किती माणसे असतील, हे नटनटींशी आधी बोलून ठरवावयाचे आणि ऐन वेळी कोणी नको म्हटले तर तेथेच थांबावयाचे, हे त्यांचे काम. सभ्यतेचा निकष प्रेक्षकाच्या डोळ्यापासून सरकून कलावंताच्या संमतीपर्यंत आला, हे मी या सबंध शतकातले सर्वांत मोलाचे पाऊल मानतो. ज्या दृश्यात दोन्ही माणसांना माणूस म्हणून वागवले आहे, आणि जे पाहणाऱ्याला काय पाहावयाचे आहे ते आधी सांगितले आहे, त्या दृश्याला समाजाने भिण्याचे कारण नाही.

उरतो तो रंगभूमीचा प्रश्न. चित्रपट आणि मालिका वयोगटांपर्यंत पोहोचल्या, पण महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडावी लागते, तिच्यावर शिक्का घ्यावा लागतो, आणि मगच पडदा वर जाऊ शकतो. देशातल्या बहुतेक राज्यांत ही अट नाही. नाटकालाही वयाची पाटी लावा, तिकिटावर ती ठळक छापा, तिच्याविरुद्ध मुलांना आत घेणाऱ्या व्यवस्थापकाला खुशाल दंड करा; पण संहितेवरचा तो शिक्का आता उठवावा, अशी माझी राज्य शासनाला कळकळीची विनंती आहे.